जागा बदललेले दगड

बडोद्याच्या सयाजीबागेतले वस्तुसंग्रहालय पाहून आलेल्या माणसाला काय काय पाहिलेत असे विचारले, तर तो बहुधा पहिल्याने ममीचे नाव घेतो. अकोट्याच्या कांस्यमूर्ती, निळ्या देवमाशाचा सांगाडा, युरोपीय चित्रांचे दालन हे सारे त्यानंतर आठवते. नाईलच्या काठी, आपल्या माणसांनी शास्त्रोक्त गुंडाळून ठेवलेली एक स्त्री १८९५ साली न्यूयॉर्कमार्गे विश्वामित्रीच्या काठी आली आणि तेव्हापासून काचेआड पडून आहे. तिला तेथे आणणारे राजे मराठी होते, म्हणून आपल्याकडे या प्रसंगाचे कौतुकच अधिक झाले. 'राजा असावा तर असा', एवढे म्हणून आपण पुढच्या दालनात जातो.

अलीकडे दुसरा सूरही ऐकू येतो. संग्रहालये म्हणजे लुटीची कोठारे, जे जेथले ते तेथे परत करा, असे तरुण मंडळी म्हणतात. कौतुक आणि निषेध या दोन्ही प्रतिक्रिया मला आळशी वाटतात. कवितेची समीक्षा करताना आपण कवीच्या हेतूवर थांबत नाही, शब्द जागेवर बसला आहे की नाही ते पाहतो. जागा बदललेल्या वस्तूलाही हाच निकष लावून पाहावा, असे मला वाटते. नव्या जागी ती काय बोलते, आणि ऐकणाऱ्यांना ते कळते का, एवढेच पाहायचे. या प्रकाराची सर्वांत जुनी आणि सर्वांत अवजड उदाहरणे युरोपात उभी आहेत, म्हणून आधी तिकडे जाऊ.

ओबेलिस्क म्हणजे एकाच दगडातून काढलेला, चार बाजूंचा, वर निमुळता होत जाणारा आणि टोकाला छोटा पिरॅमिड असलेला स्तंभ. इजिप्शियनांनी तो सूर्यदेवाला वाहिला आणि मंदिराच्या दाराशी जोडीने उभा केला. ग्रीकांना त्याचा आकार पाहून मांस भाजण्याची शीग आठवली. 'ओबेलिस्क' या शब्दाचा मूळ अर्थ तोच, छोटी शीग. अरबांनी त्याला मोठी सुई म्हटले. परक्याच्या पवित्र वस्तूला आपल्या स्वयंपाकघरातले किंवा शिवणाच्या डब्यातले नाव देण्याची खोड सार्वत्रिक दिसते.

रोममध्ये आज १३ प्राचीन ओबेलिस्क उभे आहेत. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात इतके नाहीत. पहिले दोन ऑगस्टसने इसवी सनापूर्वी १० साली हेलिओपोलिसहून आणवले. इजिप्त जिंकल्याची ती जाहीर पावती होती. पुढे साम्राज्य कोसळले, स्तंभही कोसळले, मातीत गाडले गेले. व्हॅटिकनजवळचा एक तेवढा उभा राहिला होता. १५८६ साली पाचव्या सिक्स्टस पोपने तो तेथून हलवून सेंट पीटरच्या चौकात आणण्याचे ठरवले आणि दोमेनिको फोंताना या वास्तुविशारदाने सुमारे ९०० माणसे, घोडे आणि रहाट लावून सव्वातीनशे टनांचा तो दगड आडवा केला, ओढत नेला आणि पुन्हा उभा केला. त्या दिवशी चौकात कोणी शब्द काढला तर देहदंड, असा हुकूम होता म्हणतात. दोर तापून तुटायला आले तेव्हा गर्दीतला एक खलाशी 'दोरांना पाणी!' असे ओरडला आणि शिक्षेऐवजी बक्षीस घेऊन गेला, अशी आख्यायिका आहे. खरी असो वा नसो, शाळेत सांगायला फार चांगली आहे.

स्तंभ उभा झाल्यावर पोपने त्याच्या टोकावर क्रूस बसवला आणि स्तंभातले मूर्तिपूजकांचे भूत उतरावे म्हणून विधी केला. या स्तंभावर मुळात एक अक्षरही कोरलेले नाही. कोऱ्या पाटीवर कोणीही काहीही लिहावे, तसे झाले. ज्या स्तंभांवर अक्षरे होती, त्यांची कथा याहून वाईट आहे आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते.

चित्रलिपीतला शेवटचा ज्ञात लेख इसवी सन ३९४ साली फिली बेटावरच्या मंदिरात कोरला गेला. शांपोल्यों याने ती लिपी उलगडली १८२२ साली. म्हणजे चौदाशे वर्षांहून अधिक काळ हे स्तंभ भर चौकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभे होते आणि त्यांवर काय लिहिले आहे ते वाचणारा एकही माणूस पृथ्वीच्या पाठीवर नव्हता. हे एकदम घडले असेही नाही. चौथ्या शतकातल्या अम्मियानुस या रोमन इतिहासकाराने हर्मापियोन नावाच्या कोणा लेखकाने केलेला एका स्तंभलेखाचा ग्रीक अनुवाद आपल्या ग्रंथात उतरवून ठेवला आहे. अनुवाद होता, पण अनुवादाच्या आधारे मूळ वाचण्याची गरज कोणाला वाटली नाही, आणि मग वाचू शकणारेच उरले नाहीत.

वाचक संपले की अर्थ लावणाऱ्यांचे पीक येते. सतराव्या शतकात अथानासिउस किर्खर नावाचा मोठा विद्वान जेझुइट रोममध्ये होता. पियाझ्झा नाव्होना या चौकात बेर्निनीने जे प्रसिद्ध कारंजे १६५१ साली पुरे केले, त्यावरच्या ओबेलिस्कचा अर्थ किर्खरने ग्रंथ लिहून सांगितला. गूढ तत्त्वज्ञान, विश्वाची रचना, ईश्वरी रहस्ये, सर्व काही त्यात होते. पुढे लिपी वाचता आल्यावर लक्षात आले की तो लेख रोमन सम्राट डोमिशियनच्या आज्ञेने लिहवलेला, त्याच्याच स्तुतीचा होता. किर्खरचे एकही वाक्य बरोबर निघाले नाही. याच शहरात स्पॅनिश पायऱ्यांच्या माथ्यावर आणखी एक ओबेलिस्क आहे. त्याचा दगड इजिप्तचा, पण त्यावरची अक्षरे रोममध्ये दुसऱ्या स्तंभावरून पाहून कोरलेली. कोरणाऱ्याला लिपी येत नव्हती, त्यामुळे काही चिन्हे चक्क उलटी पडली आहेत. फळ्यावरचे न समजता उतरवून घेणाऱ्या विद्यार्थ्याची वही ज्यांनी तपासली आहे, त्यांना याचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

युरोपला हसण्याआधी दिल्लीकडे पाहावे. चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने अंबाल्याकडच्या तोपरा गावचा अशोकस्तंभ दिल्लीस आणला. तो हलवण्याचे वर्णन शम्स-इ-सिराज अफीफ याने तपशीलवार केले आहे. खाली सावरीच्या कापसाचा ढीग, स्तंभाला वेत आणि कातड्यांची गुंडाळी, ४२ चाकांचा गाडा, एकेका चाकाला दोर आणि प्रत्येक दोरावर २०० माणसे, मग यमुनेतून नावांवर. फोंतानाच्या दोनशे वर्षे आधीची ही करामत, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत तिला एखादी ओळ मिळाली तरी पुष्कळ. स्तंभ उभा झाल्यावर सुलतानाने पंडितांना बोलावून लेख वाचायला सांगितले. कोणालाच वाचता येईना. त्यांतल्या काहींनी सांगितले म्हणे की, फिरोजशहा नावाचा बादशहा येईपर्यंत हा स्तंभ कोणाला हलवता येणार नाही, असे यावर लिहिले आहे! दरबारी समीक्षेचा इतका नमुनेदार मासला दुसरा सापडणार नाही. जेम्स प्रिन्सेपने १८३७ साली ब्राह्मी उलगडली तेव्हा कळले की रस्त्याच्या कडेला सावलीसाठी वड लावले, विहिरी खणल्या, असे एक राजा त्या दगडावर सांगत होता.

एकोणिसाव्या शतकात ओबेलिस्क हलवण्याची दुसरी लाट आली. पॅरिसच्या कॉनकॉर्ड चौकात २५ ऑक्टोबर १८३६ रोजी लक्सरचा स्तंभ प्रचंड जनसमुदायासमोर उभा राहिला. इजिप्तचा महंमद अली याने तो भेट दिलेला होता. बदल्यात फ्रान्सकडून कैरोच्या किल्ल्यातल्या मशिदीसाठी एक मनोऱ्याचे घड्याळ मिळाले, ते बहुतेक काळ बंदच राहिले. पॅरिसच्या स्तंभाचा चौथरा मला फार बोलका वाटतो. स्तंभावर रामसेस राजाची चित्रलिपी आहे, आणि चौथऱ्यावर तो दगड कसा उतरवला, जहाजात कसा घातला, पुन्हा उभा कसा केला त्या यंत्रांच्या सोनेरी आकृत्या आहेत. वर देवाशी बोलणे, खाली गाडी-भाड्याचा हिशेब. त्याचा मूळचा चौथरा, शेपट्या-लिंगासह हात वर केलेल्या वानरांचा, चौकात शोभणार नाही म्हणून लूव्र संग्रहालयात ठेवला गेला. जोडीतला दुसरा स्तंभ लक्सरच्या मंदिराच्या दाराशी अजून एकटा उभा आहे. ती जोडी मोडली ही गोष्ट चौथऱ्यावरच्या कोणत्याही आकृतीत नाही.

लंडनच्या 'क्लिओपात्राच्या सुई'चा क्लिओपात्राशी काही संबंध नाही. तो स्तंभ तिच्या चौदाशे वर्षे आधीच्या तिसऱ्या थुतमोसचा. १८७७ साली तो आणताना बिस्केच्या उपसागरात वादळात सहा खलाशी बुडाले. १८७८ साली तो थेम्सच्या काठी उभा झाला, तेव्हा पायात एक पेटी पुरली गेली. तीत नाणी, बायबलच्या प्रती, रेल्वेचे वेळापत्रक आणि १२ देखण्या इंग्रज स्त्रियांची छायाचित्रे होती. बाजूला बसवलेले स्फिंक्स स्तंभाकडे तोंड करून बसले आहेत. राखणदाराने बाहेर पाहायचे असते, हे बसवणाऱ्याच्या ध्यानात आले नाही. याच स्तंभाचा जोडीदार १८८१ साली न्यूयॉर्कला सेंट्रल पार्कमध्ये, मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या पाठीमागे उभा राहिला.

त्याच मेट्रोपोलिटन संग्रहालयाच्या आत बडोदे संस्थानातले एक देऊळ आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांची मुले अमेरिकेत आहेत त्यांनी ते कदाचित पाहिलेही असेल, पण ते बडोद्याचे म्हणून पाहिले नसेल.

पाटण हे त्या काळी गायकवाडांच्या कडी प्रांतातले गाव. सोळाव्या शतकाच्या अखेरीस, अकबराच्या काळात, तेथे वाडी पार्श्वनाथाचे जैन मंदिर बांधले गेले. त्याचा मंडप सागवानी लाकडाचा. वर एकात एक वर्तुळे असलेला घुमट, वादक, नर्तिका, दिक्पाल, आणि भोवती कोरीव सज्जे. बर्जेस आणि कझेन्स यांनी उत्तर गुजरातच्या प्राचीन वास्तूंवर जो ग्रंथ १९०३ साली काढला, त्यात या मंदिराची नोंद आहे. पुढे हे लाकूडकाम पाटणहून उतरले आणि १९१६ साली रॉबर्ट व लॉकवुड डी फॉरेस्ट या बंधूंची भेट म्हणून मेट्रोपोलिटनमध्ये जमा झाले. लॉकवुड डी फॉरेस्ट हा चित्रकार आणि गृहसजावटकार. अहमदाबादच्या मगनभाई हठीसिंगांच्या बरोबरीने त्याने १८८१पासून तेथे लाकडी नक्षीकामाचा कारखाना चालवला होता. गुजरातचे कोरीव लाकूड काय मोलाचे आहे हे त्याला पक्के ठाऊक होते.

आता हिशेब मांडून पाहा. १८९५ साली न्यूयॉर्कहून इजिप्तची एक स्त्री बडोद्याला आली. १९१६ साली बडोदे संस्थानातले एक लाकडी सभागृह न्यूयॉर्कला गेले. पाठीमागे बागेत इजिप्तचा स्तंभ आधीच उभा. दोन देशांच्या तीन पवित्र वस्तू, तिन्ही आपापल्या जागेवरून हललेल्या, आणि त्यांपैकी एकीच्याही मूळ मालकाला कोणी विचारलेले नाही. सयाजीरावांना थोर संग्राहक म्हणणाऱ्यांनी या दुसऱ्या बाजूकडे पाहिले पाहिजे. जो राजा शिकागोपासून पॅरिसपर्यंत दालने पाहत हिंडला, त्याच्याच प्रांतातून चारशे वर्षांचा वारसा होण्याच्या वाटेवरचा घुमट सुटा होऊन परदेशी गेला. राजाने तो विकला असे नाही, पण तो ठेवलाही नाही.

हे लिहिताना सयाजीरावांवर अन्याय होऊ नये याची काळजी घ्यायला हवी, कारण त्यांच्या संग्रहाची जात ऑगस्टसच्या संग्रहाहून निराळी आहे. ऑगस्टसने जिंकलेल्या देशाची निशाणी आणली. सयाजीरावांनी स्वतःच्या प्रजेला दाखवण्यासाठी बाजारातून वस्तू घेतल्या. युरोपीय चित्रांसाठी त्यांनी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाला नेमले. पहिले महायुद्ध आडवे आल्याने ती चित्रे इंग्लंडातच अडकली आणि चित्रशाळा १९२१ साली उघडली. परदेशी न जाणाऱ्या कारकुनाच्या मुलाला रविवारी बागेत फिरता फिरता जग दिसावे, हा हेतू स्वच्छ होता. पण हेतूवर थांबायचे नाही असे आपण सुरुवातीलाच ठरवले आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू न्यायाने घेतलेली असते, असे नाही. ज्या बाजारात ममी विकायला येत होत्या त्या बाजारात इजिप्शियन विक्रेता असला तरी त्या स्त्रीचा वारस नव्हता.

त्यातही दगड आणि देह यांत फरक केलाच पाहिजे. ओबेलिस्क उघड्यावर, पाहण्यासाठी घडवलेला होता. ती स्त्री अंधारात, कोणी न पाहावे म्हणून ठेवलेली होती. तिच्या काचेसमोर आपली शाळकरी मुले खिदळतात, त्यात मुलांचा दोष नाही. नमस्कार करावा अशी ती मूर्ती नाही आणि नुसते बघावे अशी ती वस्तू नाही. आपल्याकडे प्रेत पाहिले की माणूस पायातली वहाण काढतो. संग्रहालयात आपण वहाणांसह उभे राहून तिची लांबी अदमासतो. या ठिकाणी वस्तूची जागा चुकली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच इमारतीत याच्या उलट उदाहरणही आहे. अकोटा हे पूर्वी बडोद्याबाहेरचे गाव, आता शहराचाच भाग. तेथील टेकाडात १९५१ साली ६८ जैन कांस्यमूर्तींचा ठेवा सापडला. डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतल्या जीवंतस्वामीच्या मूर्तीच्या पायाशी लेख आहे, ती एका श्राविकेने अर्पण केली असे त्यात म्हटले आहे. मुकुट घातलेला, दागिन्यांनी नटलेला, दीक्षा घेण्यापूर्वीचा महावीर त्या मूर्तीत ध्यानाला उभा आहे. या मूर्तीही पूजेतून उठून काचेत आल्या. पण त्या हलल्या मैल-दोन मैल, त्यांचा लेख वाचला गेला, आणि बडोद्याचा जैन माणूस त्यांच्यासमोर आजही हात जोडू शकतो. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वी दान देणाऱ्या त्या बाईचे म्हणणे अजून पोचते आहे.

मेट्रोपोलिटनला तो घुमट पोचला त्याच वर्षी, १९१६ साली, बडोद्यात आणखी एक घटना घडली. तिच्याकडे साहित्याच्या अभ्यासकांचे लक्ष आहे, पण या दोन गोष्टी शेजारी ठेवून कोणी पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. पाटणच्याच जैन ग्रंथभांडारांतल्या पोथ्या तपासण्याच्या कामी सरकारने चिमणलाल डाह्याभाई दलाल यांना पाठवले होते. त्या कामातून 'गायकवाड्स ओरिएंटल सीरिज' ही ग्रंथमाला निघाली आणि तिचा पहिला ग्रंथ म्हणून राजशेखराची 'काव्यमीमांसा' १९१६ साली छापून प्रसिद्ध झाली. राजशेखराचे घराणे महाराष्ट्राशी नाते सांगणारे. तो स्वतः इसवी सन ९००च्या आसपास कनोजच्या प्रतिहारांच्या दरबारी होता. त्याच्या ग्रंथात काव्यपुरुषाची जी कथा आहे, तीत काव्यपुरुष देशोदेशी भटकतो, साहित्यविद्या त्याच्या मागोमाग जाते, आणि दोघांचे लग्न लागते ते विदर्भात, वत्सगुल्म नगरात. वत्सगुल्म म्हणजे आपले वाशीम.

वाशीमचे नाव सांगणारा, कनोजला लिहिलेला ग्रंथ, गुजरातच्या जैनांनी जतन केला, बडोद्याच्या मराठी राजाच्या पैशाने छापला, आणि आज तो बेळगावच्या महाविद्यालयात किंवा न्यूयॉर्कच्या ग्रंथालयात कोणीही काढून वाचावा. इतक्या जागा बदलून त्याचे काय हरवले? पोथी नकलून घेताना लेखनिकाच्या चुका झाल्या असतील, एवढेच. एकाच गावातून, एकाच वर्षी, लाकूड गेले ते एका जागी जाऊन बसले, आणि पाटणला त्याची रिकामी जागा राहिली. ग्रंथ निघाला तो मागे काही रिकामे न ठेवता हजार ठिकाणी पोचला. मात्र त्याला एक अट होती. नागरी अक्षर वाचणारी माणसे पाटणच्या भांडारापाशी अखंड टिकून होती. ती एखादे शतक नसती, तर काव्यमीमांसेचेही किर्खरच्या हातचे ओबेलिस्क झाले असते.

सयाजीरावांच्या कर्तृत्वाचे मूल्यमापन करताना ममीपेक्षा या पोथ्यांना अधिक गुण द्यावेत, असे माझे म्हणणे आहे. मराठी आणि गुजराती अशा दोन्ही भाषांत चाललेली सयाजी साहित्यमाला, आणि एकेका कायद्याच्या शब्दाला मराठी, गुजराती, संस्कृत, हिंदी, उर्दू, फारसी, बंगाली प्रतिशब्द शेजारी मांडणारा 'श्रीसयाजी शासनशब्दकल्पतरू' हा १९३१चा कोश, यांतही तीच दृष्टी दिसते. हा माणूस स्वतः जागेवरून उचललेला होता. नाशिककडच्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा गोपाळ, २७ मे १८७५ रोजी दत्तक जाऊन सयाजीराव झाला आणि परभाषी मुलखात राज्य करू लागला. शब्द एका भाषेतून दुसरीत नेताना काय लागते, हे त्याला पुस्तकातून शिकावे लागले नसावे. कोणी म्हणेल, हे अर्थ मी त्याच्यावर किर्खरसारखे लादतो आहे. असेलही, पण माझ्याजवळ निदान छापलेला कोश आहे.

आपल्या सीमाभागातल्या घरांना या सगळ्याशी काय देणेघेणे, असा प्रश्न वाचक विचारतील. बडोद्याचा मराठी माणूस पेशवाईत सरकत तिकडे गेला. आपण मात्र जागचे हललो नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी रेघ हलली आणि आपण त्याच घरात, त्याच चुलीपाशी बसलेले परक्या जागी उभे केलेले स्तंभ झालो. चाळीस-पन्नास वर्षे आपण त्या रेघेवर भांडलो, ते भांडण रास्त आहे आणि माझी त्याविषयी वेगळी भूमिका नाही. पण या काळात घराघरांत काय झाले, तेही पाहिले पाहिजे. आजोबांची मोडीतली खतपत्रे ट्रंकेत आहेत, वाचणारा कोणी नाही. ज्ञानेश्वरी देव्हाऱ्यात आहे, तिला हळदकुंकू लागते, उघडली जात नाही. नातू मराठी बोलतो, शिव्यासुद्धा मराठीत देतो, पण पत्रिकेतली मराठी अक्षरे लावताना अडखळतो, कारण त्याची शाळा कन्नड किंवा इंग्रजी माध्यमाची. पाटी मराठीत लागली पाहिजे यासाठी मोर्चा काढणाऱ्या घरांतली ही स्थिती आहे. शाळेत प्रवेशाच्या वेळी पालकांशी बोलताना मला हे दर वर्षी दिसते, म्हणून लिहितो.

बडोद्याच्या मराठी मंडळींकडे याबाबत आपल्याहून जास्त अनुभव आहे. १ मे १९४९ रोजी संस्थान विलीन झाले, १९६०मध्ये गुजरात वेगळा झाला, आणि राजाश्रयावर उभी असलेली त्यांची मराठी एकाएकी निराधार झाली. तेथे १९०९, १९२१ आणि १९३४ साली साहित्य संमेलने भरली होती. त्यानंतर पुढचे भरले ते थेट २०१८ साली, ९१वे. मधली ८४ वर्षे रिकामी म्हणता येणार नाहीत, पण संमेलन पुन्हा उभे करणे ओबेलिस्क उभा करण्यासारखेच असते. त्या दिवशी पुष्कळ दोर लागतात, पुष्कळ माणसे लागतात, छायाचित्रे निघतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावरचा लेख वाचायला कोण येते, ते त्या गावच्या ग्रंथालयातल्या नोंदवहीवरून कळते. ती वही कोणी वार्ताहर पाहत नाही.

वस्तू परत देण्याच्या बाबतीत एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. मुसोलिनीने १९३७ साली इथिओपियातल्या अक्सूमचा प्राचीन स्तंभ रोमला नेला आणि आपल्या आफ्रिका खात्याच्या दारासमोर उभा केला. १९४७च्या तहात इटलीने तो परत करण्याचे मान्य केले. प्रत्यक्षात तीन तुकडे करून, विमानाने, तो २००५ साली परत गेला आणि २००८ साली अक्सूमला पुन्हा उभा राहिला. कबुली आणि पूर्तता यांत ५८ वर्षे गेली. तरीही अक्सूमच्या लोकांनी तो ओळखला, कारण त्याची जागा त्यांनी रिकामी आणि ठाऊक ठेवली होती.

ममीचे तसे होईल असे दिसत नाही. ती इजिप्तमध्ये नेमकी कोठून निघाली, हेच सांगायला कोणी उरलेले नाही. पाटणचा घुमटही परत येणार नाही, आणि तो आणावाच अशी मागणी करण्याइतका माझा उत्साह नाही, कारण न्यूयॉर्कला त्याची निगा चांगली राखली जाते. पण एक साधी गोष्ट करता येईल. मेट्रोपोलिटनने २०१७पासून आपल्या जुन्या वस्तूंची छायाचित्रे कोणालाही विनामूल्य वापरायला खुली केली आहेत. त्यातून पाटणच्या मंडपाचे एक भिंतभर छायाचित्र घ्यावे आणि बडोद्याच्या संग्रहालयात ममीच्या काचेशेजारी लावावे. खर्च छपाईचा आणि चौकटीचा. खाली मजकूर दोन ओळींचा पुरे, एक कोठून काय आले याची आणि दुसरी कोठून काय गेले याची. गुजराती, मराठी आणि इंग्रजी, तिन्ही भाषांत. मराठीतला मजकूर बडोद्याच्याच कोणा शाळकरी मुलाकडून लिहून घ्यावा, आणि शुद्धलेखन तपासायला मोठ्यांनी बसावे.